जर वनाचा हुकूम आला नाही तर

निकाल बुधवारी दुपारी आला आणि मी तो दारातच, उभ्या उभ्या वाचला. बसून वाचण्याचा धीर माझ्यात कधीच नव्हता. असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

निकाल म्हणजे परीक्षेचा नव्हे. धुळ्याला चुडामण सर म्हणून भूगोलाचे एक निवृत्त मास्तर होते, ते टपालाने एक खेळ चालवायचे. खेळातलं साल होतं एकवीसशे पन्नास. समुद्र नंदुरबारपर्यंत आत आलेला, दिल्ली-मुंबईचं नाव कोणी काढत नाही, आणि आपल्या खानदेशाचे आठ देश झालेले. आठ देशांचे आठ नेते म्हणजे आम्ही आठ खेळाडू. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत प्रत्येकाने एका पोस्टकार्डावर आपले हुकूम सरांना पाठवायचे. फौज कुठे हलवायची, धरण कुठे बांधायचं, धान्य कोणाला द्यायचं, कोणाशी तह, कोणाशी युद्ध. सर आठ कार्डं पुढ्यात घेऊन नकाशावर हिशोब लावायचे आणि काय झालं त्याचा सायक्लोस्टाईल कागद सगळ्यांना धाडायचे. एखाद्याचं कार्ड आलं नाही, तर त्याचं राष्ट्र त्या महिन्यापुरतं बेवारस. ज्याला गिळता येईल त्याने गिळावं.

आणखी एक नियम होता. प्रत्येक कार्डावर एक, फक्त एकच, 'जर-तर'चा हुकूम लिहिता यायचा. जर शत्रूने पूल ओलांडला तर पूल उडवावा, असं काहीतरी. हे जर-तर सर कधीच छापत नसत. कागदावर फक्त काय झालं ते यायचं, का झालं ते नाही.

मी भुसावळच्या यार्डात मालगाड्यांच्या डब्यांचे नंबर उतरवून घेणारा कारकून. दिवसभर रुळांवरून चालायचं आणि आकडे लिहायचे. पण एकवीसशे पन्नासमध्ये मी हातनूर राष्ट्राचा सर्वेसर्वा होतो. सात प्रांत, तापीचं सगळं पाणी माझ्या हातात. प्रमिला, माझी बायको, म्हणायची, "घरातला नळ गळतोय, तो आधी बघा." तिचं बरोबर होतं, पण नळ कोणालाही दुरुस्त करता येतो.

माझा शेजारी देश गिरणा गणराज्य. त्याचा नेता जळगावचा नूर महंमद पिंजारी. गाद्या भरायचं दुकान होतं त्याचं. तीन वर्षं आमचा तह होता, आणि तहापलीकडेही आम्ही एकमेकांना कार्डं लिहायचो. काय सुंदर अक्षर! गोल, टपोरं, एका रेषेत. भुसावळ-जळगाव पंचवीस किलोमीटर, पण आम्ही कधी भेटलो नव्हतो. खेळ संपेपर्यंत भेटायचं नाही, असं आम्हीच ठरवलं होतं. मी त्याला नूरभाऊ लिहायचो, तो मला वनाभाऊ. आमची मुलगी झाली तेव्हा त्याने पार्सलने छोटीशी गादी पाठवली होती, ऊन देऊन पिंजलेल्या देशी कापसाची.

तर त्या बुधवारी, एकोणनव्वदच्या मे महिन्यात, मी दारात उभा राहून वाचलं: "हातनूर राष्ट्र: हुकूम आला नाही. गिरणा गणराज्याच्या फौजा हातनूरमध्ये शिरल्या. सातही प्रांत गिरणाच्या ताब्यात."

खाली आणखी मजकूर होता. मी तो वाचला नाही.

माझं कार्ड चार तारखेला गेलं होतं. मी स्वतः टाकलं होतं. ते पोचलं नाही ही पहिली आग, आणि ते पोचलं नाही म्हटल्याबरोबर नूर महंमदने माझा सगळा देश खाल्ला ही दुसरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रमिला म्हणाली, "आधी पाणी प्या." मी पाणी प्यालो नाही. ड्रॉवरमधून कोरं कार्ड काढलं आणि लिहिलं:

"तीन वर्षं भाऊ म्हणवून घेतलंस आणि एक हुकूम चुकला तर सात प्रांत गिळलेस. पिंजारी तो पिंजारीच. पिंजारी गादी भरणार, त्याला राष्ट्र काय कळणार? तुम्हा लोकांवर भरवसा ठेवला, मीच मूर्ख. वना."

वर श्री नाही, नूरभाऊ नाही. 'तुम्हा लोकांवर' लिहिताना हात जरा अडखळला होता, हे मला आठवतं. पण मी तो थांबू दिला नाही. पाकीट घ्यायचंही सुचलं नाही. उघडं कार्ड घेऊन तरातरा स्टेशनवर गेलो आणि आर.एम.एस.च्या पेटीत टाकलं, म्हणजे त्याच संध्याकाळच्या गाडीने जाईल. पेटीच्या तोंडातून कार्ड आत पडल्याचा आवाज आला तेव्हा मला फार बरं वाटलं. हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला निघालो. सरांना जाब विचारायचा होता. बस जळगावच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबली. उतरावं, त्याचं दुकान शोधावं आणि तोंडावर चार शब्द ऐकवावेत, असं दोनदा मनात आलं. खिडकीचा गज धरून बसून राहिलो. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात नूर महंमदशी भांडत होतो, पुढे धुळ्यापर्यंत सरांशी. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊ, पोटात दुखी राह्यनं का?"

सरांचं घर गल्ली नंबर चारमध्ये. दार उघडंच होतं. सर नुसत्या बनियनमध्ये नकाशा रंगवत बसले होते. मी नाव सांगितलं, नमस्कारसुद्धा नीट केला नाही.

"माझं कार्ड चार तारखेला टाकलंय, सर. भुसावळच्या पेटीत. स्वतःच्या हाताने."

"आलं नाही," सर म्हणाले. "अकरा तारखेपर्यंत वाट पाहिली. एक दिवस जास्तच."

"पोचायलाच हवं. मोठं कार्ड होतं ते. हातनूरचा कालवा पुरा झाला म्हणून मी चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं होतं."

सरांचा ब्रश हवेतच थांबला. आतून बायकी आवाज आला, "हळदकुंकवाचं? ते लग्नाचं नव्हतं का?"

सरांच्या पत्नी ताईबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. वैशाख चालू होता. घरात लग्नपत्रिकांचा ढीग. कोपऱ्याला हळदकुंकू दिसलं की ती पत्रिका आधी देवापुढे ठेवायची, ही त्यांची पद्धत, आणि चष्मा लावल्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या खालून पत्रिका काढल्या. सात लग्नांच्या, आणि आठवं माझं कार्ड. त्यावर अक्षता चिकटल्या होत्या.

"मी म्हटलं, कोणाचं तरी घरगुती लग्न असेल, हाताने लिहिलंय," त्या म्हणाल्या. "देवापुढं सुखरूप होतं बघा."

माझा देश माझ्याच हळदकुंकवाने बुडाला होता. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी ओरडलो. निकाल फिरवा म्हणालो.

"फिरवता येणार नाही," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज मास्तरांचाच होता. "आठ जणांकडे गेला. पुढच्या खेपेला बघू."

"पुढच्या खेपेला काय बघता? त्या विश्वासघातक्याने सगळं गिळलं!"

"कोणी?"

"नूर महंमदने. दुसरं कोण? वाटच बघत होता."

सर उठले. मला वाटलं, आता मला बाहेर काढणार. ते खुंटीवरच्या तारेपाशी गेले. तारेला तीन वर्षांची कार्डं टोचलेली होती. त्यांनी ती खाली काढली, एकेक बाजूला करत गेले, आणि गोल टपोऱ्या अक्षरातली निवडून माझ्यापुढे टाकू लागले.

"हे मी करायला नको," ते म्हणाले. "जर-तर कोणाला दाखवायचा नाही, हा माझाच नियम. पण घरची चूक माझी आहे, म्हणून आज मोडतो. वाच."

मी वाचलं. मेच्या कार्डावर शेवटची ओळ होती: "जर वनाभाऊंचा हुकूम आला नाही, तर माझी सर्व फौज त्यांच्या मुलखात राखणीस घालावी, दुसरा कोणी शिरण्याच्या आत. पुढच्या खेपेस सातही प्रांत जसेच्या तसे परत."

एप्रिलच्या कार्डावर तीच ओळ. मार्चच्या कार्डावर तीच. मी उलटत गेलो. गेल्या वर्षीची दिवाळी, त्याआधीचा पोळा, अगदी पहिल्या तहाच्या महिन्यापर्यंत. चौतीस कार्डं. महिन्याला एकच जर-तर मिळायचा, आणि त्याने तो दर महिन्याला माझ्यासाठी खर्च केला होता. मी माझे जर-तर कशावर खर्च केले ते मला माहीत होतं. बरेचसे, नूर महंमद उलटला तर काय, यावर.

"रतिलाल सीमेवर बसलाच होता," सर म्हणाले. रतिलाल म्हणजे दोंडाईच्याचा मिरचीचा व्यापारी, सातपुडा साम्राज्यवाला. "नूर महंमद शिरला नसता तर आज तुझं नाव नकाशावर नसतं. आणि तुझ्याकडे फौज पाठवली म्हणून त्याचे स्वतःचे दोन प्रांत गेले. निकाल खालपर्यंत वाचलास का?"

मी वाचला नव्हता.

ताईबाईंनी जेवायचा आग्रह केला. मी घड्याळाकडे बघत होतो. कार्ड काल संध्याकाळच्या गाडीने गेलं. जळगावला रात्रीच उतरलं असणार. सकाळच्या बटवड्यात निघालं की दुपारच्या? की उद्याच्या? उद्याच्या बटवड्यात असेल तर अजून ते पोस्टात पडलेलं होतं. मी सरांचा निरोप न घेताच निघालो.

परतीच्या बसला काय झालं होतं कोण जाणे. दर फाट्याला थांबत होती. पारोळ्याला ड्रायव्हर उतरून कोणाशी तरी बोलत उभा राहिला. एरंडोलला कंडक्टर म्हणाला, "दहा मिनिटं, चहा." मी खाली उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो. आदल्या दिवशी ते कार्ड लवकर पोचावं म्हणून मी स्टेशनपर्यंत धावलो होतो. आता टपालखात्याने एकदा, एकदाच, आळस करावा म्हणून मी देवाला हात जोडत होतो.

जळगावच्या पोस्टात खिडकीवरचा माणूस कुलूप शोधत होता. मी सांगितलं, माझंच कार्ड आहे, मीच लिहिलंय, परत पाहिजे.

"पेटीत पडलं की ते तुमचं नाही," तो म्हणाला. "आणि भुसावळची कालची डाक दुपारी वाटून झाली."

दुकान विचारत विचारत पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. दारात नव्या गाद्यांची चवड, आत कापूस पिंजायचं यंत्र घरघरत होतं. यंत्रापाशी पन्नाशीचा एक हडकुळा माणूस, भुवयांवर, दाढीवर, कानांवर कापूस. माझ्या मनातला नूर महंमद जाकीट घालणारा, फाउंटन पेन लावणारा होता.

"कोन पाहिजे?"

"मी वना. भुसावळचा."

त्याने यंत्र बंद केलं. "वना? हातनूरना राजा?" आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. "आरे, तू तं पोरगाच शे! बैस, बैस. तुन्हं कार्ड दुपारलेच उनं. रईसानी वाची दखाडं. भलतं चांगलं लिखेल शे."

दुपारी आलेलं ते कार्ड चांगलं कसं, मला समजेना. मागच्या दारात त्याची मुलगी उभी होती, रईसा, डी.एड.ला असावी इतकी. हातात चहाचे कप. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी नजर खाली घेतली.

"मी साळात गवूच नही," नूर महंमद सांगत होता. "हुकूम मी सांगस, ती लिखस. बठ्ठी कार्डं तिनीच लिखेल शेत. तुन्ही कार्डं बी तीच वाचस."

म्हणजे ते टपोरं अक्षर हिचं. म्हणजे 'तुम्हा लोकांवर' हे शब्द आधी हिने एकटीने वाचले आणि मग बापापुढे बसून दुसरंच काहीतरी रचून वाचलं.

"काय लिहिलं होतं मी?" माझ्या तोंडून निघून गेलं. मूर्खासारखं.

"तुम्हीच लिहिलंय ना," रईसा शांतपणे म्हणाली. "नूरभाऊ, तुम्ही माझा मुलूख राखलात, हे उपकार विसरणार नाही."

नूर महंमदने खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "आते तूच वाच. तुन्हा तोंडथीन ऐकू दे."

खरं सांगायची संधी होती. बसमध्ये मी तेच ठरवलं होतं, पाय धरीन, माफी मागीन. पण मुलीने रस्ता करून दिला होता आणि मी त्या रस्त्याने गेलो. कार्ड डोळ्यांपुढे धरलं आणि वाचलं, "नूरभाऊ, तुम्ही माझा मुलूख राखलात. हे उपकार मी विसरणार नाही. प्रमिलाचा नमस्कार." प्रमिलाचा नमस्कार मी पदरचा घातला. शरम अशी वाटली नाही, सुटलो असंच वाटलं. मी चहाचा कप उचलला.

नूर महंमद दाढीतला कापूस वेचत होता.

"वना," तो म्हणाला, "माले वाचता येस नही. पन मन्हं आडनाव माले वळखू येस. पत्ताना बाजूले ते कायम र्‍हास. मजकूरना बाजूले तीन वरीसमा एक डाव बी नव्हतं. तठे तू माले नूरभाऊ लिखस." त्याने माझ्या हातातल्या कार्डावर बोट ठेवलं, एकदा, शेजारी पुन्हा एकदा, आणि पुढे तिसऱ्यांदा. "आज तीन डाव शे. उपकार लिखाले मन्हं आडनाव कसाले लागनं?"

"अब्बा..." रईसा म्हणाली.

"तू थांब, बेटी. त्याले वाचू दे. जे शे ते."

मी वाचलं. सगळं. आपलं लिहिलेलं आपल्याच तोंडाने, ज्याला लिहिलं त्याच्यापुढे वाचायची वेळ कोणावर येऊ नये. कार्डभर मजकूर, अर्ध्या मिनिटाचा. 'तुम्हा लोकांवर'शी आलो तेव्हा कार्ड खाली घेतलं. तो थांबून राहिला, मी ते शब्दही वाचेपर्यंत. मग मी हळदकुंकवाचं सांगितलं, देव्हाऱ्याचं, तारेवरच्या चौतीस कार्डांचं. माफ करा म्हणालो, चार-पाच वेळा म्हणालो. मला रडू येत होतं आणि त्याचीही लाज वाटत होती.

"मुलूख बठ्ठा तुले परत," तो म्हणाला. "दहा तारखेले. ते मी बोलेल शे."

"आणि आपला तह, नूरभाऊ?"

त्याने गुडघ्यावरचा कापूस झटकला. "तह कोनासंगे करू? कार्ड लिखनारासंगे, का बसमा बसीसन उना त्यान्हासंगे?"

"दोन्ही मीच आहे," मी म्हणालो.

"तेच तं," तो म्हणाला, आणि उठून यंत्र सुरू केलं.

रईसा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, ती काही समजुतीचं बोलेल.

"मी त्यांना आजपर्यंत एक शब्द चुकीचा वाचून दाखवला नव्हता," ती म्हणाली. "दवाखान्याचा कागद असो, भाऊबंदांची पत्रं असोत. आता मी काहीही वाचलं तरी ते आधी माझ्या तोंडाकडे बघतील."

ती आत गेली.

जूनचा निकाल आला तो मी बसून वाचला, खालपर्यंत. गिरणाच्या फौजा हातनूरमधून निघाल्या. सातही प्रांत परत. एकही कमी नाही, एकही पूल मोडलेला नाही, कालव्याचं पाणी चालू. तहाच्या यादीत हातनूर-गिरणा असं काही नव्हतं. मी नूरभाऊंना तीन पत्रं लिहिली, तीनही पाकिटातून. उत्तर आलं नाही. रईसाने वाचून दाखवली की नाही, आणि दाखवली तर त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं की नाही, मला कळायला मार्ग नाही.

पण मला झोपू देत नाही ते दुसरंच. त्यांच्या कार्डावर ती शेवटची ओळ अजून असते का? सर सांगणार नाहीत. एकदा नियम मोडला, पुन्हा मोडणार नाहीत. निकालाच्या कागदावर जर-तर छापत नाहीत. कळायचा एकच उपाय आहे. एक महिना मी हुकूम पाठवायचा नाही आणि काय होतं ते बघायचं. राखणीला फौज आली तर ओळ आहे. रतिलाल शिरला तर नाही.

दर महिन्याला सात-आठ तारखेला हा विचार येतो. कार्ड लिहून तयार असतं, मी ते घेऊन घरभर फिरतो, प्रमिला म्हणते टाका एकदाचं. ज्या माणसाने चौतीस महिने न विचारता माझी राखण केली, त्याला अजून एकदा तपासून बघायचं मनात येतं, याचाच मला राग येतो. मग मी स्टेशनवर जातो आणि कार्ड पेटीत टाकतो. आजवर एकही महिना चुकवलेला नाही.